रजनीवहिनींचं दोन ग्रॅमचं नाणं

मशीनच्या पडद्यावर एक्क्याण्णव आणि वर थोडे दशांश असा आकडा आला. आमचा पडदा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो. व्यवहार उघड असावा म्हणून मीच मालकांशी भांडून तो तसा फिरवून घेतला होता. त्यामुळे आकडा माझ्याआधी रजनीवहिनींनी वाचला.

"एक्क्याण्णव म्हणजे बावीस कॅरेट ना हो, मॅडम?"

"साधारण तेवढंच."

"आणि मी घेतलेलं चोवीसचं."

"हो."

"मग माझं नाणं कुठाय?"

हा प्रश्न मला नव्हता. तो शेजारच्या स्टुलावर बसलेल्या वत्सलाकाकूंना होता. काकूंनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "म्हणजे काय गो?" एवढंच त्या म्हणाल्या.

आमची सोन्याचांदीची पेढी लालबागच्या मार्केटजवळ आहे. मी तिथे व्हॅल्युअर आहे. कोणी जुनं सोनं आणलं की ते किती शुद्ध आहे हे सांगायचं, हे माझं काम. शुद्धतेला आमच्या धंद्यात टंच म्हणतात. पूर्वी टंच कसोटीच्या दगडावर घासून काढायचे. आता कॅरेटमीटर नावाचं मशीन आहे. वस्तू आतल्या काचेवर ठेवायची, झाकण लावायचं, खालून क्ष-किरण सोडायचे. प्रत्येक धातू आपापली खूण परत पाठवतो. त्यावरून मशीन सांगतं, यात सोनं एवढं, तांबं एवढं, चांदी एवढी. वस्तू घासावी लागत नाही, वितळवावी लागत नाही. त्यामुळे लोकांचा त्या आकड्यावर फार विश्वास. देवावर असतो त्याहून थोडा जास्तच.

त्या दिवशी सकाळी भाव तुटला होता. म्हणजे सोन्याचा दर एकदम उतरला होता. खरं तर अशा दिवशी पेढीवर झुंबड उडायला हवी, पण तसं होत नाही. दर चढत असताना लोक घाबरून रांगा लावतात, आणि उतरला की आणखी उतरेल म्हणून घरी बसतात. याला अपवाद म्हणजे वत्सलाकाकूंचं मंडळ.

काकू महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या. आता निवृत्त आहेत. त्यांच्या चाळीतली अर्धी तरुण मंडळी जन्मल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच हातात आली. चाळीतल्या काही बायकांना त्यांनी एक शिस्त लावली आहे. जमेल तसे पैसे बाजूला टाकायचे, पण भाव चढता असेल तर दुकानाची पायरी चढायची नाही. भाव तुटला की काकू ग्रुपवर एकच शब्द टाकतात: "चला." मग जिच्याकडे जमले असतील ती येते. ग्रॅमभर सोनं परवडलं तर सोन्याचं नाणं, नाहीतर चांदीचं. दागिना नाही. दागिन्याला मजुरी जास्त पडते आणि तो मोडताना ती मजुरी बुडते. नाण्याला मजुरी थोडी, म्हणून नुकसानही थोडं. हे त्यांना कोणा सल्लागाराने शिकवलेलं नाही. ते त्या मंगळसूत्रं मोडून शिकल्या आहेत.

घेतलेली सगळी नाणी काकूंकडे एका स्टीलच्या डब्यात राहतात. घरात ठेवलं तर नवऱ्याच्या नजरेला पडतं, म्हणून. आणि एक नियम फार कडक आहे: एकदा नाणं घेतलं की मग भाव विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी आणखी उतरला म्हणून रडायचं नाही. रडलं तर ग्रुपवर सगळ्या मिळून चेष्टा करतात.

माझे वडील गिरणी कामगारांच्या घरांसाठी पत्रकं काढायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'संघटित व्हा' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा वाचलंय की त्याचा कंटाळा यायला हवा होता. पण कोणाच्या भाषणाशिवाय, कोणाच्या झेंड्याशिवाय संघटित झालेल्या बायका मला पहिल्यांदा या काउंटरवर दिसल्या. म्हणून हे मंडळ मला फार प्रिय. आणि आता ते माझ्या समोर, माझ्याच मशीनच्या आकड्यावरून फुटत होतं.

रजनीवहिनींच्या मुलाचा साखरपुडा ठरला होता. होणाऱ्या सुनेच्या हातात पाच ग्रॅमचं नाणं द्यायचं त्यांच्या मनात होतं. जुनं दोन ग्रॅमचं नाणं द्यायचं, वर पैसे भरायचे आणि मोठं घ्यायचं, असा हिशेब. जुनं नाणं परत घेताना आम्ही तपासतो. नाणं आमच्याच पेढीचं असलं तरी तपासतो. आणि इथेच घोळ झाला.

तुम्हाला वाटेल, नाण्याचं सीलबंद कार्ड असतं, त्यावर नंबर असतो, मग शंका कसली? कार्ड असतं. नंबरही असतो. पण नंबर कार्डावर असतो, नाण्यावर नसतो. आणि आपल्याकडे सोनं घरात आलं की पहिलं काय करतात? कार्ड कात्रीने कापतात, नाण्याला दुधाने अंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात. या मंडळाने एकूण एक नाण्याचं कार्ड कापलं होतं. नाणी छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होती आणि पिशवीवर जिचं तिचं नाव. बिल होतं, पण बिल नाण्याला चिकटलेलं नसतं. तेव्हा काचेवरचं नाणं हे रजनीवहिनींनी घेतलेलंच नाणं आहे, याला पुरावा एकच होता: वत्सलाकाकूंचा शब्द.

"डबा तुमच्याकडे. चावी तुमच्याकडे," रजनीवहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "बावीसचं नाणं आपोआप आलं काय त्यात?"

"रजनी, मी हात पण लावत नाय गो पिशवीला."

"मग कोणी लावला?"

तिसरी होती सुषमाताई. ती चांदीचं नाणं घ्यायला आली होती. तिने घाईघाईने डब्यातली स्वतःची पिशवी उघडली. "अगं बाई! माझं तर काळं पडलंय! म्हणजे हे पण बदललं?"

"ताई, चांदी हवेनेच काळी पडते," मी म्हणाले. "उलट काळी पडली म्हणजे चांदी आहे. शांत बसा."

"शांत काय बसू? हिचं बावीस झालं, उद्या माझं जर्मन सिल्व्हर होईल!"

दुकानातली बाकीची माणसं आता उघड उघड बघू लागली होती. त्यातले दोघे त्यांच्याच चाळीच्या आसपासचे होते, हे मला काकूंच्या चेहऱ्यावरून कळलं. गोष्ट संध्याकाळपर्यंत चाळीत पोचणार होती. नाण्याची किंमत काय, ती भरून निघते. पण ज्या बाईच्या हातात लोकांनी आपली तान्ही पोरं दिली, तिच्या नावाला 'ती डब्यातलं बदलते' हे चिकटलं की ते धुवायला कुठलं रसायन आणायचं?

तेवढ्यात काकूंनी एक गोष्ट केली. डब्यातून स्वतःच्या नावाची पिशवी काढली, त्यातलं दोन ग्रॅमचं नाणं काउंटरवर ठेवलं आणि वहिनींच्या दिशेने सरकवलं.

"हे घे. माझं आहे. तुझ्या सुनेला कमी नको पडायला. आणि डबा आजपासून दुसरीकडे ठेवा."

रजनीवहिनींचा हात पुढे आला.

आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आतून बाहेर आले होते. अण्णा वाईट माणूस नाहीत. पण भाव तुटलेल्या दिवशी त्यांना दुकानात आवाज नको असतो. ते खूश झाले.

"झालं, मिटलं! मुक्ता, हे दुसरं नाणं लाव मशीनला आणि पुढचं बघ. आणि ते आधीचं काकूंना परत दे. नाहीतर बावीसच्या भावाने आपण घेऊ."

"मिटलं नाही, अण्णा," मी म्हणाले.

"अगं, त्या स्वतः देतायत."

"म्हणूनच." मी काकूंच्या नाण्यावर हात ठेवला. "काकू, हे तुम्ही दिलंत तर तुम्ही चोरी कबूल केलीत. उद्या कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? चोरी केली नाही, पण भरपाई दिली?"

काकू नुसत्या डब्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या ते पुसतही नव्हत्या.

"आणि वहिनी, तुम्ही हात मागे घ्या."

"मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"नाण्याच्या."

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "मुक्ता, इथे सभा नको. मशीन खोटं बोलत नाही, हे तूच सांगतेस ना गिऱ्हाइकांना?"

"मशीन खोटं बोलत नाही. पण आपण त्याचं अर्धंच ऐकलंय."

हे मी तावातावाने म्हणाले खरं, पण तेव्हा माझ्याकडे काहीही नव्हतं. फक्त राग होता. रागाने टंच निघत नाही. म्हणून मी परत मशीनसमोर बसले आणि रोज कोणी करत नाही ते केलं. पडद्यावर सोन्याचा आकडा मोठ्या अक्षरांत येतो. त्याच्या मागे दुसरं पान असतं, त्यावर बाकीचे सगळे धातू असतात. घाईत ते पान कोणी उघडत नाही. मी उघडलं.

समजा नाणं खरंच बावीस कॅरेटचं असतं, तर उरलेला भाग तांब्याचा किंवा चांदीचा निघायला हवा होता. सोन्यात भेसळ करायची ती याच दोन धातूंनी करतात. पानावर तांबं जवळजवळ नव्हतं. चांदीही नव्हती. उरलेला भाग जवळपास सगळा एकाच धातूचा होता: शिसं.

मी ते तीनदा वाचलं. सोन्यात शिसं कोणी घालत नाही. घालायचा मूर्खपणा केला तर सोनं ठिसूळ होतं, ठोकताना तडकतं. असं नाणं पाडताच येणार नाही. म्हणजे शिसं नाण्यात नव्हतं. मग ते दिसत होतं कुठून?

मी झाकण उघडलं. आम्ही नाणं ठेवताना नेहमी चित्राची बाजू खाली ठेवतो. किरण तिथेच लागतात. मी नाणं उलटं केलं आणि मागची सपाट बाजू किरणांकडे केली. पुन्हा झाकण, पुन्हा थांबणं. रजनीवहिनी पदराशी चाळा करत उभ्या. सुषमाताई चक्क हात जोडून मशीनकडे बघत होती.

नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.

"बघितलंत?" मी म्हणाले. "चोवीस कॅरेट."

"एका बाजूने चोवीस, एका बाजूने बावीस?" अण्णा म्हणाले. "मग हा मुलामा झाला. आत काय असेल कोणास ठाऊक."

शंका बरोबर होती. अण्णांनी या धंद्यात केस पांढरे केलेत. हे मशीन फक्त वरवरचं बघतं, खोल जात नाही. म्हणजे मी काकूंना वाचवायला गेले आणि प्रकरण आणखी अवघड करून बसले. काकूंनी डब्याचं झाकण लावून टाकलं होतं. तो आवाज मला अजून आठवतो.

मी भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं दिव्याखाली धरलं. त्यावर लक्ष्मी होती. आमच्या नाण्यावर कमळात बसलेली लक्ष्मी असते. कमळाच्या पाकळ्यांच्या रेघा फार बारीक असतात, आणि त्या रेघांमध्ये काहीतरी भरलेलं होतं. हळद पिवळी असते, कुंकू लाल. हे दोन्ही नव्हतं. हे भगवं होतं, चिकट, तेलकट. मी टाचणीने थोडं खरवडलं आणि पांढऱ्या कागदावर घेतलं.

मग मला हसू यायला लागलं. ते मी महत्प्रयासाने दाबलं.

"या नाण्याला शेंदूर कोणी लावला?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"शेंदूर," मी पुन्हा म्हणाले. "देवाच्या मूर्तीला तेलात कालवून लावतात तो. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून बनतो. मशीनला जे शिसं दिसलं ते हे."

"आम्ही हळदकुंकू लावतो फक्त," काकू म्हणाल्या. "लक्ष्मीला शेंदूर कोण लावील?"

"चाळीत शेंदूर कुठे असतो?"

"चाळीच्या तोंडाशी मारुती आहे, त्याला," सुषमाताई म्हणाली. "पण मारुतीकडे नाणं कोण..." आणि ती थांबली. तिची मान हळूहळू रजनीवहिनींकडे वळली. "रजनी, तू मध्ये नाणं काकूंकडून मागून नेलं होतंस ना? सत्यनारायणात ठेवायला?"

"नेलं होतं. मग? दुसऱ्या दिवशी परत दिलं."

"पण तुझ्याकडे सत्यनारायण कधी झाला? आम्हाला प्रसाद नाय मिळाला तो!"

रजनीवहिनींचा चेहरा त्या नाण्यासारखा झाला. एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरं.

"मॅडम," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? शेंदराने असं होतं?"

"होतं."

"पण मी पुसलं होतं. पदराने चांगलं पुसलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. त्यांनी हे नाणं घेतलं तेव्हाही भाव तुटलेला होता. दुसऱ्या दिवशी तो आणखी तुटला. तिसऱ्या दिवशी आणखी. नियमाप्रमाणे भाव विचारायचा नव्हता, पण वहिनींचा जीव राहीना. त्या रोज मोबाइलवर चोरून बघत होत्या. ग्रुपवर सांगायची सोय नाही, चेष्टा होईल. नवऱ्याला सांगायची सोय नाही, त्याला नाणंच माहीत नाही. शेवटी काकूंकडे सत्यनारायणाचा बहाणा केला, शनिवारी नाणं घेऊन मारुतीकडे गेल्या, आणि त्याच्या अंगावरचा शेंदूर नाण्यावरच्या लक्ष्मीला चोळला. भाव चढू दे म्हणून.

"आणि चढला पण!" त्या एकदम म्हणाल्या. "त्याच आठवड्यात चढला!"

सुषमाताई काउंटरवर डोकं टेकून हसायला लागली. "बाई गं! सगळ्या जगाचा भाव हिच्या मारुतीने चढवला!"

अण्णाही हसले. मीही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या फक्त मला म्हणाल्या, "पोरी, पण हे नक्की ना? मुलामा नाय ना?"

बरोबर होतं त्यांचं. गोष्ट जुळली म्हणून टंच सिद्ध होत नाही. आमच्याकडे दागिने धुवायची एक छोटी टाकी असते. त्यात कोमट पाणी आणि साबण घालतात. सुरू केली की पाणी बारीक थरथरतं आणि कोपऱ्यातली घाण सुटते. मी नाणं त्यात सोडलं. थोड्या वेळाने पाण्यात भगवी रेघ उठली, अगदी बारीक, उदबत्तीच्या धुरासारखी. सगळ्या माना टाकीवर वाकल्या होत्या. नाणं काढलं, कोरडं केलं, भिंगाखाली धरलं. पाकळ्यांच्या रेघा मोकळ्या होत्या. मग चित्राची बाजू खाली ठेवून झाकण लावलं.

पडदा मी मुद्दाम अजून थोडा गिऱ्हाइकांकडे फिरवला.

नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. दुसरं पान उघडलं. शिसं नाही.

अण्णांचं समाधान व्हावं म्हणून मी नाणं तोललं, त्याची जाडी आणि व्यास मोजला, नव्या दोन ग्रॅमच्या नाण्याशी ताडून पाहिला. बावीस कॅरेटचं किंवा मुलाम्याचं नाणं तेवढ्याच वजनाला थोडं मोठं भरतं, कारण भेसळीला वापरतात ते स्वस्त धातू सोन्याइतके जड नसतात. फरक नव्हता. "ठीक आहे," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे प्रमाणपत्रच.

काकूंनी मोठा श्वास सोडला आणि तेव्हा कुठे डोळे पुसले. मी त्यांना पाणी आणायला उठले आणि आधी स्वतःच अर्धा ग्लास पिऊन टाकला. इतका वेळ मी सगळ्यांना उपदेश करत होते आणि आतून एकच भीती होती: शेवटी आकडा एक्क्याण्णवच राहिला तर?

रजनीवहिनींनी काकूंचं नाणं उचललं, त्यांच्या पिशवीत घातलं आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "काकू, चुकलं. डबा तुमच्याकडेच राहू दे."

"राहील," काकू म्हणाल्या. "पण मघाशी जेवढ्या आवाजात बोललीस ना, तेवढ्याच आवाजात सांग. इथे सांग आणि चाळीत पण सांग."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"आरोप काय कानात केला होतास?"

आणि रजनीवहिनींनी सांगितलं. मला त्यांचं कौतुक वाटलं. दुकानातल्या लोकांकडे वळून, मान वर करून त्या म्हणाल्या, "ऐका हो, नाणं माझंच आहे आणि चोवीसचंच आहे. काकूंनी काय केलं नाय. मी शेंदूर फासला होता." त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठल्या मारुतीचा?" त्यांना बहुधा पत्ता हवा होता.

जुनं नाणं जमा झालं, वर पैसे भरले, पाच ग्रॅमचं नवं नाणं निघालं. बिल करताना मी वहिनींना बजावलं, कार्ड कापू नका. पूजा करायची तर कार्डासकट करा, देवाला प्लास्टिकमधूनही दिसतं. सुषमाताईने चांदीचं नाणं घेतलं आणि मला तीनदा विचारलं की हे काळं पडणार ना नक्की.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर एक सूचना लावली. शुद्धता कमी आली तर नाणं धुवून, दोन्ही बाजू तपासून, सगळ्या धातूंचं पान गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय भाव सांगितला जाणार नाही. तसं दाखवून मागणं हा तुमचा हक्क आहे, वगैरे. अण्णांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली.

"ही सूचना आहे की पत्रक?"

"दोन्ही."

"ते उद्गारचिन्ह काढ तेवढं," म्हणाले, आणि आत गेले. सूचना अजून आहे. उद्गारचिन्हही आहे.

या प्रकारातून मी घेतलेला धडा साधा आहे. मशीनला त्याच्या नाकासमोर जे असतं तेच दिसतं. त्यामुळे कोणाला चोर ठरवण्याआधी नाणं धुवून घ्यावं.

भाव त्या दुसऱ्या दिवशीही आणखी उतरला. रजनीवहिनींचा फोन येईल म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. मारुतीकडेही त्या गेल्या नसाव्यात. नाणं सीलबंद होतं.